घराचं सागवान कोणत्या महिन्यात घ्यावं?

चौकटींचं सागवान विचारायला माणसं आमच्या वखारीत येतात ती बहुतेक एप्रिलमध्ये. भिंती उठलेल्या असतात, गवंडी चौकटी मागत असतो आणि अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त ठरून गेलेला असतो. "वहिनी, काहीतरी कमी करा," म्हणतात. मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या महिन्यात माझा हात बांधलेला असतो. तशीच घाई असलेले आणखी चारजण मागे उभे असतात. तेच लाकूड, त्याच थप्पीतलं, आषाढ-श्रावणात कमी भावात मिळतं, वर निवडून घेता येतं. हे आधी कुणी सांगत नाही, म्हणून लिहिते आहे.

आमची वखार नागपूरच्या लकडगंजात. सासऱ्यांनी सुरू केली. खरेदीला नवरा आणि दीर जातात, गल्ला आणि दरवही माझ्याकडे. माल बल्लारपूरच्या सरकारी लाकूड-डेपोतून, थोडा परतवाड्याकडून. बल्लारपूरला येणारं लाकूड मुख्यतः गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलातलं, त्यातही आलापल्लीच्या पट्ट्याचं नाव मोठं. बाजारात याला अजून 'सीपी साग', म्हणजे जुन्या मध्य प्रांताचा (सेंट्रल प्रोव्हिन्सेस) साग, म्हणतात. पुण्यामुंबईच्या व्यापाऱ्याच्या तोंडीही हेच नाव. २०२३च्या मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपुरातून सागवान गेलं, तेव्हापासून गिऱ्हाईक "तेच लाकूड द्या" म्हणतं. द्यायला आनंदच आहे. पण नावापेक्षा ओंडक्याची गोलाई आणि गाभा बघा. एकाच जंगलातून उत्तम मालही निघतो आणि पोकळ मालही.

आधी जंगलाचं वर्ष समजून घ्या

लाकडाचा भाव समजायचा तर जंगलात काय चाललंय आणि लोकांच्या हातात पैसा कधी येतो, या दोन्हींकडे एकदम बघावं लागतं.

पाऊस संपला, जंगलातले रस्ते वाळले की कुपांची, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेल्या जंगलाच्या तुकड्यांची, तोड सुरू होते. हिवाळाभर झाडं पडतात, ओंडके तुकडे करून, मोजून, शिक्का मारून डेपोत येत राहतात. साग जानेवारीपासून पानं टाकू लागतो आणि उन्हाळ्यात उघडाबोडका उभा असतो. याच काळात डेपो भरतो. जानेवारीच्या शेवटापासून मार्च-एप्रिलपर्यंत लिलावांत सगळ्यात जास्त निवड असते. लांबी, गोलाई आणि प्रत बघून लॉट लावलेले असतात. वन खातं आणि १९७४ साली स्थापन झालेलं वनविकास महामंडळ, दोघांचाही माल असतो. बोली आता बहुतेक ऑनलाइन लागते, पण डेपोत जाऊन ओंडका डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बोली लावणारा शहाणा व्यापारी मी अजून पाहिला नाही. दीर प्रत्येक ओंडक्याच्या दोन्ही टोकांना कान लावून, दगडाने ठोकून बघतात. आतून पोकळ असेल तर आवाज बसका येतो.

जून लागला की जंगलातली वाहतूक थांबते. डेपोत असलेलं लाकूड विकलं जातं, पण नवीन येत नाही. म्हणजे पावसाळ्यात माल कमी, मग भाव वाढायला हवा, असं कागदावर वाटतं. किरकोळ बाजारात घडतं उलटं, आणि त्याचं कारण शेतात आहे.

विदर्भात घर बांधायचा पैसा पिकातून येतो. सोयाबीन ऑक्टोबरात, कापूस दिवाळीनंतर, तूर जानेवारी-फेब्रुवारीत. कापूस विकला की घराच्या गोष्टी निघतात. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू, पलंग-कपाटांच्या ऑर्डरी येतात. मार्चअखेर ठेकेदारांची सरकारी बिलं निघतात. एप्रिल-मेमध्ये सगळ्यांनाच पावसाच्या आधी छत घालायचं असतं. जून आला की तोच पैसा बियाण्यात आणि खतात जातो. आषाढी एकादशीपासून चातुर्मास, नवीन काम कुणी काढत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात घेतलेला माल पडून असतो, त्यात पैसा अडकलेला असतो, व्याज चालू असतं आणि आरामशीन दिवसातले काही तास बंद असते. त्या वेळी दारात आलेल्या गिऱ्हाइकाला रिकामं पाठवायची हिंमत कोणत्या वखारवाल्यात आहे?

मग घ्यायचं कधी

नेहमीच्या मापाचं लाकूड, म्हणजे चार बाय अडीच, पाच बाय तीन इंचांच्या चौकटी, सात फुटांपर्यंतची लांबी, हे जुलैच्या मध्यापासून पितृपक्षापर्यंत घ्या. पितृपक्षाचा पंधरवडा माझ्या वहीत वर्षातला सगळ्यात शांत असतो. लोक सोनं घेत नाहीत, गाडी घेत नाहीत, लाकूडही घेत नाहीत. पक्षात नुसता सौदा ठरवून इसार द्यायला मनाला अडचण वाटत असेल तर भाव आधी पक्का करून घ्या आणि माल घटस्थापनेला उचला. अनेकजण तसं करतात, आम्ही तो भाव पाळतो. दसऱ्यानंतर मात्र बाजार ताठ होतो. जुना साठा संपत आलेला, नवा माल अजून जंगलात, आणि दिवाळीच्या तोंडावर सगळ्या सुतारांकडे काम. वर्षातला हा एकच काळ असा आहे की माल आणि वेळ दोन्ही कमी असतात.

लांब लाकडाचा हिशेब वेगळा. बारा फुटांच्या वर तुळई हवी असेल, वाड्याच्या दुरुस्तीला जाड खांब हवा असेल, किंवा मुख्य दरवाजासाठी रुंद, बिनगाठीची फळी हवी असेल, तर पावसाळ्याची वाट बघू नका. असा माल डेपोत फेब्रुवारी-मार्चला येतो आणि जाणकार आधी उचलतात. जुलैमध्ये तुम्हाला भाव कमी मिळेल, पण माप मिळणार नाही, आणि मग दोन तुकडे जोडून काम भागवावं लागेल. अशा मालासाठी जानेवारीतच वखारवाल्याला सांगून ठेवा. आम्ही लिलावाला जाताना तुमचं माप चिठ्ठीवर घेऊन जातो.

मार्चचा शेवटचा आठवडा ही आणखी एक बारीक फट. वर्षाचे हिशेब मिटवायचे असतात, बँकेत रक्कम दाखवायची असते. रोख किंवा लगेच ट्रान्सफर करणाऱ्याला त्या दिवसांत सूट मिळते. फार मोठी नसते, पण असते.

दरवही ठेवा, एकाच वस्तूची

"सागाचा भाव काय?" या प्रश्नाला अर्थ नाही. गोल ओंडक्याचा भाव वेगळा, चिराण म्हणजे चिरलेल्या मालाचा वेगळा, पहिल्या प्रतीचा वेगळा, सालीलगतचा पांढरा कच्चा भाग असलेल्याचा वेगळा. घर बांधायचं वर्षभर आधी ठरलं असेल तर एक वही करा आणि दर महिन्याला दोन-तीन ठिकाणी एकच प्रश्न विचारा: "चार बाय अडीच, सात फूट, सीपी साग, कच्चा भाग नसलेलं, घनफुटाला काय? जीएसटी धरून की सोडून? कटाई-रंधा धरून की सोडून?" सगळीकडे तंतोतंत हेच शब्द वापरा. चार महिन्यांत तुमच्या गावचा चढउतार तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला कळेल.

घनफूट स्वतः काढता आलंच पाहिजे. चिराण लाकडाचं सोपं आहे: रुंदी इंचात गुणिले जाडी इंचात गुणिले लांबी फुटात, भागिले १४४. उंबरा नसलेली दाराची चौकट घ्या. दोन उभे सात-सात फुटांचे, वरचा आडवा चार फुटांचा, एकूण १८ फूट. चार बाय अडीचला १० गुणिले १८ भागिले १४४, म्हणजे सव्वा घनफूट. पाच बाय तीन घेतलं तर तेच १.८७५ घनफूट. एका चौकटीमागे अर्ध्याहून जास्त घनफुटाचा फरक पडतो. आतल्या खोल्यांना पाच बाय तीनची गरज नसते. घरात आठ दारं असतील तर हा फरक ५ घनफुटांचा होतो, आणि एवढी बचत कोणत्याही महिन्याच्या भावात होत नाही. सौदा ठरवण्याआधी हे गणित मिस्त्रीसोबत बसून करा.

गोल ओंडक्याचं माप चौथाई गोलाईने धरतात. मधोमध दोरी लावून गोलाई इंचात मोजायची, तिचा वर्ग करायचा, लांबी फुटांत गुणायची आणि २३०४ने भागायचं. ४८ इंच गोलाईचा, १० फुटांचा ओंडका बरोबर १० घनफूट भरतो. खरं घनफळ त्याहून जवळपास सव्वापट, पावणेतेरा घनफूट निघेल, पण साल, गोल कडा आणि करवतीचा भुसा यात ते जातं. खऱ्या घनफळातून चांगला चिराण माल साधारण निम्म्याच्या आसपास हाती येतो. ओंडका वाकडा असेल तर आणखी कमी. म्हणून गोलाचा भाव ऐकून चिराणाच्या भावावर रागावू नका. तसंच डेपोचा भाव घनमीटरला असतो आणि वखारीचा घनफुटाला. १ घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट. पेपरमध्ये लिलावाची बातमी वाचून भांडायला येण्याआधी एवढा भागाकार करून या.

पावसात घेतलं, पण लावायचं नाही

पावसाळ्यात स्वस्त घेतलेलं लाकूड पावसाळ्यातच रंधून, ठोकून टाकलं तर स्वस्त पडत नाही. सागवान फारसं हलत नाही हे खरं, पण हलतं. आमच्या हवेत सावलीतली पातळ फळी ऑगस्टमध्ये पंधरा टक्के ओलाव्याच्या आसपास असते आणि मेमध्ये आठच्याही खाली उतरते. एक फूट रुंदीची फळी एवढ्यात साधारण तीन मिलिमीटर आकसते. दाराच्या फटीत तेवढं बोट शिरत नसलं तरी उजेड शिरतो.

वरोऱ्याकडचे एक शिक्षक दर भाद्रपदात आमच्याकडे यायचे, कधी स्वतःसाठी, कधी भावाच्या घरासाठी. त्यांची थप्पी मी जाऊन पाहिली आहे. गोठ्याच्या बाजूची पडवी, वर पत्रा, तीन बाजूंनी हवा. जमिनीवर विटा ठेवून लाकूड वीतभर उचललेलं. प्रत्येक थराच्या मध्ये एक इंची रिपा, दोन-दोन फुटांवर, आणि खालची रीप ज्या रेषेत त्याच रेषेत वरची. रीप जरा सरकली की त्यावरचं लाकूड तिथे वाकतं, म्हणून हे त्यांनी ओळंबा लावून बघितलं होतं. दोन्ही टोकांना जुना ऑइलपेंट फासलेला, कारण लाकूड टोकांतून पाणी भराभर सोडतं आणि तिथेच फाटतं. सगळ्यात वर दोन जड दगड. आणि थप्पीतच एक हातभर तुकडा सुट्टा ठेवलेला. दर पंधरा दिवसांनी तो स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून वजन त्याच तुकड्यावर पेन्सिलने लिहायचं. सुरुवातीला वजन झपाट्याने उतरतं, मग हळू, आणि दोन-तीन वेळा तोच आकडा आला की लाकूड तयार. ओलावा मोजायचं यंत्र नसलेल्या माणसाने यापेक्षा चांगलं काही करू नये.

भाद्रपदात थप्पी लावली तर ऑक्टोबर ते जानेवारीची कोरडी, थंड हवा तिला मिळते. वाळवणीसाठी विदर्भातला हाच उत्तम काळ. मेच्या उन्हात ओलं लाकूड उघड्यावर ठेवलं तर ते वाळत नाही, तडकतं. जाड लाकडाला मात्र एक हिवाळा पुरत नाही. एक इंच जाडीला साधारण वर्ष, हा जुन्या सुतारांचा ठोकताळा आहे. म्हणून पाच बाय तीनचं लाकूड घेताना ते चिरून किती दिवस झाले हे विचारा आणि शक्य तर गेल्या वर्षीच्या ओंडक्याचं मागा. वखारवाल्याला हे माहीत असतं, कारण कागदावर तारीख असते.

सागाशिवायची लाकडं

आंबा, सावर यांसारखं मऊ लाकूड पावसात तोडलेलं घेऊच नका. दोन-तीन आठवड्यांत त्यावर निळसर-काळे डाग पडतात आणि भुंगा शिरतो. फळ्या घ्यायच्याच तर डिसेंबर ते फेब्रुवारीत तोडून लगेच चिरलेल्या घ्या. सेंट्रिंगच्या पाट्या आणि निलगिरीच्या बल्ल्या बांधकामाच्या हंगामात, नोव्हेंबर ते मे, महाग असतात. स्वतःच्या विकत घ्यायच्या असतील तर ऑगस्टमध्ये घ्या.

जळाऊ लाकडाचा नियम सागाच्या बरोबर उलटा. साग आकारमानाने विकतात, त्यामुळे त्यातलं पाणी तुमच्या खिशातून जात नाही. जळतण क्विंटलने विकतात, आणि ओल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असू शकतं. पावसात स्वस्त मिळालेलं जळतण म्हणजे पाण्याचे पैसे. वीटभट्ट्या बंद होत आल्या की मेच्या शेवटी विक्रेते उरलेला माल काढून टाकतात. खानावळ, लग्नाच्या स्वयंपाकाचं काम असणाऱ्यांनी तेव्हा वर्षाचं भरून ठेवावं.

आयात मालाला आपला पाऊस कळत नाही

म्यानमारने २०१४च्या एप्रिलपासून गोल लाकडाची निर्यात बंद केली. तेव्हापासून अस्सल बर्मा साग दुर्मिळ झाला आणि त्याच्या जागी आफ्रिका आणि दक्षिण-मध्य अमेरिकेतल्या लागवडीचा साग येऊ लागला. कांडला, मुंद्रा, न्हावाशेवा इथे उतरतो, गांधीधामला चिरतो आणि सगळीकडे पसरतो. बराचसा कोवळ्या झाडांचा, कमी गोलाईचा, पांढरा भाग जास्त. त्याचा भाव डॉलर आणि जहाजाच्या भाड्यावर हलतो. पुण्यामुंबईत घर बांधणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं, कारण तिथल्या साध्या चौकटीत बहुतेक हाच माल असतो. पितृपक्षाची सूट तिथेही मिळते, पण ती व्यापाऱ्याच्या नफ्यातून मिळते, म्हणून लहान असते. डॉलर चढत असेल तर थांबण्यात फायदा नाही.

कोकणात हंगाम आणखी काटेकोर. किंजळ, ऐन, फणस यांचं लाकूड दिवाळीनंतर रानातून निघतं आणि मिरग लागला की कच्च्या रस्त्यावरून ट्रक हलत नाही. तिथे पावसाळ्यात थप्पी लावूनही लाकूड वाळत नाही, म्हणून खरेदी डिसेंबर-जानेवारीतच बरी. नागपूरहून वाळलेलं सागवान कोकणात नेणार असाल तर ते महिनाभर त्या घरात नुसतं ठेवा, तिथली हवा पिऊ द्या, मग रंधा मारा.

कागद

कोणत्याही महिन्यात, कितीही स्वस्त असलं तरी कागद नसलेलं सागवान घेऊ नका. ओंडक्यावर शिक्का, सोबत वाहतूक परवाना, वखारीचं बिल. चिराण मालावर शिक्का राहत नाही, म्हणून बिल आणि त्यावर माप हवंच. रात्री टेम्पो लावून निम्म्या भावात देणारा भेटतो, विशेषतः पावसाळ्यात, कारण तेव्हा जंगलात फिरणारं कमी असतं. ते लाकूड कुणाच्या तरी जंगलातून चोरलेलं आहे आणि पकडलं गेलं तर तुमच्या अंगणातून उचललं जाईल. मला याहून जास्त त्रास याचा होतो की साठ-सत्तर वर्षांचं झाड त्या टेम्पोत कोवळ्या बल्लीच्या भावात जातं. स्वतःच्या शेतातला साग विकायचा असला तरी तोडण्याआधी परवानगी काढा. १९६४चा वृक्षतोड कायदा मालकीच्या झाडालाही लागू आहे. अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरात केला तर तोड हिवाळ्यात होते आणि ओंडके भर हंगामात बाजारात येतात. मेमध्ये अर्ज करणाऱ्याचं झाड पावसात अडकतं आणि व्यापारी भाव पाडतो.

एप्रिलच आला असेल तर

सगळं वाचून झालं आणि तुमची भिंत आधीच उठलेली असेल, तर फक्त चौकटी घ्या. त्या भिंतीसोबत लागतातच, आणि जाड असल्याने थोडा ओलावा सहन करतात. पल्ले, म्हणजे चौकटीत बसणारी दारं, आता करू नका. पल्ल्याचं लाकूड जुलै-ऑगस्टमध्ये उतरलेल्या भावात घ्या, घरातच एका खोलीत रिपा घालून रचा आणि डिसेंबरात सुतार बोलवा. तोवर मुख्य दाराला प्लायचा तात्पुरता पल्ला चालतो, आतल्या दारांना पडदे. आणि नव्या घरात पहिल्या पावसात एखादं दार अडलं तर ऑगस्टमध्ये त्यावर रंधा चालवू देऊ नका. नोव्हेंबरपर्यंत थांबा. तेव्हाही अडत असेल तरच कड काढायची, आणि काढल्यावर त्या कडेला लगेच पॉलिश मारायचं.